हुकमी डाव : आपल्या अंगाला बसणारी लढण्याची शैली कशी घडवायची

तालमीत पहिली दोन वर्षं सगळ्या पोरांची मेहनत एकच असते. तेच जोर, त्याच बैठका, तोच पट (पाय धरून पाडायचा डाव), तीच ढाक (मान-हात अडकवून फेकायचा डाव), तोच घिस्सा. पाच-सहा वर्षांनी मात्र मैदानाच्या कडेला बसलेली जाणती मंडळी पैलवान आत शिरला की सांगतात, ‘हा पटाचा आहे’, ‘तो ढाकेचा, मान सांभाळ म्हणावं’. वस्ताद एक, माती एक, तरी प्रत्येकाची कुस्ती निराळी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, म्हणजे मातीतली ही ओळख घेऊनच ते मॅटवर गेले होते.

वैयक्तिक शैली म्हणजे एवढंच. नवी मार्शल आर्ट काढणं नव्हे आणि चार क्लासांतून चार-चार डाव गोळा करणं तर मुळीच नव्हे. शिकलेल्यातलं जे आपल्या अंगाला, वयाला आणि कामाला लागतं ते ठेवायचं, त्याला जोडणारे रस्ते तयार करायचे आणि उरलेलं बाजूला सारायचं. खालची उदाहरणं मुद्दाम कुस्ती, ज्युडो आणि बॉक्सिंगमधली आहेत. या तिन्हींत डाव लागला की नाही यावर फार वाद होत नाही.

पाया किती हवा

आठवड्यातून तीन दिवस, किमान दीड ते दोन वर्षं, एकाच पद्धतीचा सराव झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. तो सरावही असा हवा, की त्यात समोरचा खरोखर विरोध करतो. नुसते काता (एकट्यानं करायचे ठरलेले हालचालींचे क्रम), नुसते हवेतले ठोसे किंवा ‘तू असा हात धर, मग मी असं करतो’ या पद्धतीचं शिक्षण कितीही वर्षांचं असलं, तरी निवड कशातून करायची हे त्यावरून कळत नाही. कुठला डाव आपला आहे, हे विरोधातच उघडं पडतं.

ज्यांची उदाहरणं नेहमी दिली जातात त्यांचाही पाया आधी पक्का होता. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं, तेव्हा त्यांच्या मागे दोन जुन्या जुजुत्सू शाळांचं शिक्षण होतं. तेन्जिन शिन्यो-र्यूतून गळपाश, सांधे अडकवणं आणि दाबून धरणं आलं, तर कितो-र्यूतून फेकी. ब्रूस ली हाँगकाँगमध्ये विंग चुन शिकला होता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला वाँग जॅक मॅन या कुंग-फूवाल्याशी त्याची लढत झाली. त्यानंतर आपला दम आणि विंग चुनची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्याला टोचल्या, आणि त्याच्या स्वतःच्या पद्धतीचं ‘जीत कुने दो’ हे नाव आलं १९६७ मध्ये. आधी पद्धत, मग तिच्या अडचणी, मग बदल. हा क्रम उलटा केला की हाती फक्त आवडीनिवडी राहतात.

आधी गरज, तीही आकड्यांत

एक कागद घ्या. चार गोष्टींना मिळून दहा गुण वाटा : स्पर्धा, स्वसंरक्षण, तब्येत, आणि कलेची आवड. ‘सगळंच थोडं थोडं’ असं लिहायचं नाही. कुठेतरी पाच किंवा जास्त गुण पडलेच पाहिजेत. हे आकडे पुढचे सगळे निर्णय ठरवतात, कारण एकच हालचाल एका ठिकाणी विजय असते आणि दुसऱ्या ठिकाणी आपत्ती.

पाठीचंच घ्या. मातीच्या कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास, चितपट. ब्राझिलियन जिउ-जित्सूत माणूस आपणहून पाठीवर जातो आणि तिथून लढतो. बसस्टँडच्या काँक्रीटवर पाठीवर पडणं म्हणजे डोकं फुटण्याची आणि चार लाथा खाण्याची सोय. जिउ-जित्सूच्या स्पर्धेसाठी घडवलेली शैली स्वसंरक्षणाला तशीच्या तशी वापरणाऱ्याची चूक डावात नसते, कागदावरच्या गुणांत असते.

स्पर्धेला पाच गुण असतील तर नियमावली आधी वाचा, डाव नंतर निवडा. तालमीतून ज्युडोकडे येणाऱ्या मुलांचं नेमकं इथे अडतं. त्यांचं पहिलं हत्यार एकेरी किंवा दुहेरी पट. पण आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० मध्ये थेट पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात घालून हल्ला किंवा बचाव करणंच बंद झालं. म्हणजे दहा वर्षं घासलेला पट एका शिट्टीत निकामी. अशा मुलानं कमरेच्या आणि टांगेच्या डावांवर शैली उभारावी. मातीवरून मॅटच्या फ्रीस्टाइलकडे जाणाऱ्याला पट चालतो, पण लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि गुणांची असते. अर्धा तास खडाखडी करून संधी शोधायची सवय तिथे मारक ठरते.

स्वसंरक्षणाला जास्त गुण दिले असतील तर कायदाही शैलीचा भाग धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ सांगतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्यापर्यंत हा हक्क पोचत नाही. तेव्हा शैलीत सुटून पळणं आणि धरून ठेवणं या दोन गोष्टी हव्यातच. खाली पडलेल्याला आणखी दोन लाथा घालण्याचा सराव कुणी करून घेत असेल, तर तो तुम्हाला कोर्टाची वाट दाखवतोय.

अंगाचं मोजमाप

टेप, भिंत आणि मोबाइलचं घड्याळ पुरेसं आहे. हे सगळं अर्ध्या तासात होतं.

• उंची आणि दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी. बहुतेकांत हे दोन आकडे जवळपास सारखे येतात. हात पाचेक सेंटिमीटरनं जास्त भरले तर लांबून मारण्याचा आणि लांबून पकडण्याचा खेळ सोपा जातो. कमी भरले तर आत शिरायला शिकावंच लागेल.
• घोटा : भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या. अंगठ्यापासून भिंतीपर्यंत दहाएक सेंटिमीटर आलं तर ठीक. सात-आठच्या आत असेल तर खोल बसून किंवा गुडघ्यावर उतरून करायचे डाव टाच उचलूनच होतील आणि सगळा भार गुडघ्यावर जाईल.
• टाचा टेकवून पूर्ण बैठकीत एक मिनिट बसता येतं का?
• एका पायावर ३० सेकंद, मग डोळे मिटून. डावा-उजवा फरक लिहून ठेवा.
• जुन्या दुखापती, कुठल्या बाजूच्या, काय केल्यावर दुखतं, हे सगळं.
• चष्म्याचा नंबर.

शेवटच्या ओळीला बरेच जण हसतात. पण चष्मा काढल्यावर उणे चार नंबरवाल्याला समोरच्याच्या खांद्याची बारीक हालचाल दिसत नाही. ठोसा निघाल्यावर कळतो, तोवर उशीर होतो. अशानं लांब अंतरावरचा खेळ सोडून पकडीचा खेळ निवडावा. पकड बसली की डोळ्यांचं काम हात करतात. उणे सहाच्या पुढचा नंबर असेल तर दृष्टिपटल सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. डोक्यावर मार बसेल असा कुठलाही सराव नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

दुखापतींचा हिशेब साधारण असा लागतो. गुडघ्याची कूर्चा किंवा अस्थिबंध दुखावलेला असेल तर गुडघा टेकवून मारायचा सेओई-नागे (ज्युडोतली खांद्यावरून फेक) आणि जमिनीवर गुडघा घासत काढायचा पट वगळा. कंबर धरत असेल तर कलाजंग, भारंदाज असे उचलीचे डाव सोडून टांगेवर या. खांदा निसटण्याची सवय असेल तर हात लांब फेकून मारायचा हूक (बाजूनं फिरवून मारलेला ठोसा) आणि एका हातावर ओढायच्या फेकी नकोत. मानेचा त्रास असेल तर पुलावर जाऊन, म्हणजे डोकं टेकवून अंगाची कमान करून, सुटणं बंद, त्याऐवजी पाठ लागायच्या आधीच कुशीवर वळायची सवय लावा.

शरीरातली उणीव नेहमी उणीवच राहते असं नाही. बॉक्सर जो फ्रेझियरचा डावा हात लहानपणी पडल्यामुळे जायबंदी झाला आणि पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. लांब जॅब (पुढच्या हातानं मारायचा सरळ ठोसा) मारायला असा हात गैरसोयीचा, पण कोपरात वाकलेलाच असल्यामुळे हूकला तयार. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत मुहम्मद अलीला खाली पाडलं ते याच हाताच्या हूकनं. पण हूक हे जवळचं हत्यार आहे. म्हणून फ्रेझियरची बाकीची सगळी शैली, म्हणजे वाकत, डुलत, जॅबखालून सरकत पुढे येणं, ही त्या हाताला अंतरावर नेण्यासाठी उभी राहिली. नुसता हूक उचलणाऱ्यांना तो लागत नाही, कारण तिथे पोचायचा रस्ता त्यांनी शिकलेलाच नसतो.

स्वभावाचंही मोजमाप लागतं, पण ते स्वतःला विचारून मिळत नाही. सगळ्यांना वाटतं आपण आक्रमक आहोत. पाच फेऱ्यांचं चित्रण करा आणि नंतर मोजा : दबाव आल्यावर पहिलं पाऊल पुढे, मागे की बाजूला? दहापैकी सात वेळा मागे जात असाल तर तुमची शैली प्रतिहल्ल्याची आहे, आवडो न आवडो. जोर लावून पुढे जाणारी शैली अंगावर घेण्यापेक्षा मागच्या पावलावरून मारायला शिकणं सहा महिन्यांत जमतं.

हुकमी डाव निवडणं

ज्युडोत याला तोकुई-वाझा म्हणतात, आपल्याकडे हुकमी डाव. निवड आवडीवरून करू नका, वहीवरून करा. मोकळ्या सरावाच्या वीस फेऱ्यांची नोंद ठेवा : कुठला डाव किती वेळा मारला, किती वेळा लागला, समोर कोण होतं. आपल्या बरोबरीच्या किंवा सरस जोडीदारावर तीनात एकदा जो डाव लागतो, तो उमेदवार. नवख्यांवर लागलेले डाव मोजायचे नाहीत. बहुतेकांच्या वहीत असे दोनच डाव निघतात आणि त्यातला एक भलताच असतो, ज्याकडे त्यांनी कधी लक्षच दिलेलं नसतं.

मग त्या डावाभोवती घर बांधायचं. तीन रस्ते आत येण्याचे, दोन डाव समोरच्यानं तोड केल्यावरचे, आणि सगळं फसलं तर सुटायची एक जागा. याहून जास्त लागत नाही. याहून कमी असेल तर तीन महिन्यांत क्लासमधल्या प्रत्येकाला तुमचा डाव पाठ होतो. कोदोकानच्या सुरुवातीच्या काळात हेच घडलं. कानोंच्या आवडत्या उकी-गोशीवरून (कमरेवरची एक फेक) त्यांचे शिष्य साईगो शिरो उडी मारून निसटायला लागले, तेव्हा निसटणारा पाय झाडून टाकायची युक्ती निघाली. तीच हराई-गोशी. तोड होते म्हणून पुढचा डाव जन्माला येतो.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा वय ३८, उंची १६० सेंमी, वजन ६० किलो, तीन वर्षं ज्युडो, उजवा गुडघा जुना दुखावलेला. गुण : तब्येत पाच, स्वसंरक्षण तीन, क्लबपातळीची स्पर्धा दोन. वहीत ओसोतो-गारी (बाहेरून पाय झाडून मागे पाडायचा डाव) बऱ्यापैकी लागताना दिसतो.

उजव्या हाताच्या ओसोतोत डावं पाऊल समोरच्याच्या उजव्या पावलाशेजारी पडतं, भार त्यावर येतो आणि आपला उजवा पाय त्याच्या उजव्या पायामागून झाडतो. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहावं लागत नाही. निवड बसली. गुडघा डावा असता तर तोच डाव डाव्या बाजूनं शिकावा लागला असता.

आत येण्याचे तीन रस्ते. पहिला, समोरच्याचं उजवं पाऊल पुढे येऊन टेकतं त्याच क्षणी. दुसरा, बाही जोरात खाली ओढायची, तो सावरण्यासाठी ताठ होतो तेव्हा. तिसरा, आधी ओउची-गारीनं त्याचा डावा पाय आतून उचलायला लावायचा, सगळा भार उजव्यावर आला की ओसोतो. ओउचीतही आपण डाव्या पायावरच उभे असतो, त्यामुळे गुडघ्याला तो चालतो.

तोड झाल्यावर : त्यानं उजवा पाय मागे खेचला तर त्याचा डावा पुढे राहतो, तिथे पुन्हा ओउची. म्हणजे हे दोन डाव एकमेकांचे रस्ते झाले. आणि तो पुढे वाकून अडवायला लागला तर? पुस्तकी उत्तर सासाए-त्सुरिकोमी-आशी. पण उजव्या बाजूच्या सासाएमध्ये आपला डावा तळवा त्याच्या घोट्याला लागतो आणि आपण उजव्या पायावर वळतो. दुखऱ्या गुडघ्यावर भार आणि वर पीळ. म्हणून तो बाद. त्याऐवजी मान आणि बाही धरून त्याला तो वाकला त्याच दिशेनं खाली ओढायचं, गुडघ्यांवर आणायचं आणि वरून दाबायचं. दिसायला देखणं नाही, पण आपल्या गुडघ्याचा हिशेब चुकत नाही.

ओसोतो फसतो कुठे, तर बहुतेक वेळा पहिल्या पावलात. डावं पाऊल समोरच्याच्या पावलाच्या मागेच राहिलं, म्हणजे पुरेसं पुढे पोचलं नाही, की आपली छाती मागे राहते आणि तो उलट आपल्यालाच त्याच डावानं पाडतो. पाऊल त्याच्या टाचेच्या रेषेत किंवा चार बोटं पुढे, छातीला छाती, डोकं पुढे आणि खाली. पाय झाडताना पोटरीला पोटरी नव्हे, मांडीमागचा भाग त्याच्या मांडीला. सुटायची जागा : पाय हवेत असताना तो उलटवू लागला तर झाडणारा पाय लगेच खाली टेकून उजवीकडे वळायचं आणि बाही सोडायची नाही.

आणि एक सक्त गोष्ट. या डावात समोरच्याचं डोकं सरळ मागे जातं. हनुवटी छातीला लावून, हात अंगापासून तिरका ठेवून मॅटवर आपटत पडणं ज्याला पक्कं येत नाही, त्याच्यावर ओसोतो पूर्ण मारायचा नाही. जाड गादी असली तरी नाही. हेच कारण रस्त्यावर. काँक्रीटवर पूर्ण मारलेला ओसोतो जीव घेऊ शकतो. तिथे याच शैलीतला पहिला अर्धा भाग वापरायचा : बाही ओढून तोल घालवायचा, भिंतीकडे ढकलायचं आणि निघायचं.

आठवड्याचा सराव

तीन दिवस, प्रत्येकी ७५ मिनिटं, मध्ये एक दिवस मोकळा. चाळिशीपुढे अंगावर येणारी मोकळी झुंज आठवड्यातून एकदाच.

दहा मिनिटं अंग गरम. वीस मिनिटं उचिकोमी, म्हणजे शेवटची फेक न करता आत शिरण्याचा सराव : दहाचे दहा संच, त्यातले सात आपल्या बाजूनं, तीन उलट्या. उलट बाजू जिंकण्यासाठी नाही, पाठ आणि खांदे एकाच बाजूला ओढले जाऊ नयेत म्हणून. मग जाड गादीवर वीस पूर्ण फेकी. त्यानंतर दोन-दोन मिनिटांच्या सहा बांधलेल्या फेऱ्या. बांधलेल्या म्हणजे अट घातलेल्या : ‘तू फक्त वाकून अडव’, ‘तू फक्त पाय मागे घे’. शेवटी तीन मिनिटांच्या तीन मोकळ्या फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. बॉक्सिंग करणाऱ्यांनी हेच प्रमाण पंचिंग बॅग आणि पॅडवर लावावं. जोडीदाराबरोबरच्या फेऱ्यांना मोठ्यांसाठी १६ औंसांचे ग्लोव्ह आणि हाताला गुंडाळायच्या साडेचार मीटरच्या पट्ट्या.

विरोधाची शिडी महत्त्वाची. शून्य, मग तीस टक्के, साठ, ऐंशी. एका पायरीवर दहापैकी सात वेळा डाव लागला की वर जा. तीनच्या खाली आलात की एक पायरी उतरा. बहुतेक क्लासांत शून्यावरून थेट शंभरावर उडी असते आणि मग मुलं म्हणतात, हा डाव खरा चालत नाही. डाव चालतो, मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात.

डोक्याला मार बसून गरगरलं, उलटी आली, दोन क्षण काही आठवेना, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. ‘एक फेरी अजून’ नाही. डॉक्टर, विश्रांती, आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर आधी चालणं-पळणं, मग संपर्काशिवाय सराव, सगळ्यात शेवटी जोडीदार.

दुसऱ्या पद्धतीतून उसनं घेताना

एका वेळी एकच गोष्ट, आठ ते बारा आठवडे. घेण्याआधी एक प्रश्न : आपलं पुढचं पाऊल कुठलं? उजव्या हाताचा बॉक्सर डावं पाऊल पुढे ठेवतो. उजव्या पकडीचा ज्युडोका सहसा उजवं. दोन्ही एकत्र करणाऱ्याचे पाय ऐन वेळी अदलाबदल करतात आणि त्या अर्ध्या सेकंदात तो ना मारू शकतो ना फेकू शकतो. ब्रूस लीनं तलवारबाजीवरून उचलून बलवान हात पुढे ठेवला. तो उपाय आहे, पण मग मागच्या हाताचा जड ठोसा दुबळा होतो. किंमत प्रत्येक उपायाला असते, ती आधी ठरवून मोजायची.

डावाबरोबर सवयही उसनी येते, आणि घोटाळा तिथेच होतो. क्योकुशिन कराटेत हातानं तोंडावर मारत नाहीत, म्हणून त्यातून आलेल्यांचे हात छातीशी राहतात आणि बॉक्सिंगच्या पहिल्याच फेरीत नाक फुटतं. तायक्वांदोतली अंग एका बाजूला वळवून उभं राहण्याची स्थिती पायांच्या फटक्यांना उत्तम, पण पुढचा पाय पट काढणाऱ्याला ताटात वाढल्यासारखा. पैलवान डोकं खाली घालून पटात शिरतो. जिउ-जित्सूवाला त्याच मानेची वाट बघत असतो, आणि मुए थाईवाल्याचा गुडघा तिथेच येतो. नवी पद्धत शिकायला जाताना तिथल्या प्रशिक्षकाला सरळ सांगा, मी अमुक करून आलोय, माझी कुठली सवय इथे मार खाईल? चांगला प्रशिक्षक दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगेल.

विजेत्यांची नक्कलही अशीच अंगलट येते. हात खाली सोडून मागे झुकत ठोसे चुकवणारा अली सहा फूट तीन इंच उंच होता आणि पायांत विलक्षण वेग होता. दुसरा विश्वविजेता बॉक्सर रॉकी मार्सियानोच्या हातांची लांबी जेमतेम ६८ इंच, म्हणून तो खाली वाकून, आत शिरून लढला आणि ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला. दोघांनी एकमेकांची शैली उचलली असती तर दोघांचंही नुकसान झालं असतं. वयाचंही तसंच. बॉक्सर जॉर्ज फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ ला ४५ व्या वर्षी पुन्हा विश्वविजेता झाला तो तरुणपणीच्या झंझावातानं नव्हे. जड जॅब, हात समोर आडवे घेऊन बचाव, दम राखत नऊ फेऱ्या, आणि दहाव्यात उजवा हात.

वही आणि तपासणी

दर पंधरा दिवसांनी एक चित्रण, कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवर मोबाइल ठेवून. वहीत चार रकाने : तारीख, जोडीदार, कुठला रस्ता, काय झालं. जोडीदार तीन प्रकारचे हवेत. दहा-पंधरा किलोनं जड, आपल्यापेक्षा हलका आणि चपळ, आणि नवखा. नवखा यासाठी, की त्याला तोड माहीतच नसते. तो भलत्याच ठिकाणी पाय टाकतो आणि आपला डाव अपेक्षित प्रतिक्रियेवर किती टेकलेला आहे हे उघडं करतो. स्वसंरक्षणाला गुण दिलेल्यांनी महिन्यातून एकदा रोजचे बूट-चप्पल, जीन्स किंवा सलवार, खांद्याला बॅग अशा वेषात हलका सराव करावा. गणवेषाची बाही धरून उभारलेले निम्मे रस्ते टी-शर्टवर चालत नाहीत. ती पकड मनगट आणि मानेवर हलवावी लागते.

बारा आठवड्यांनी वही उघडा आणि एकच बदल करा. तीन रस्त्यांपैकी जो सगळ्यात कमी लागला तो काढा, नवा घाला. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळणार नाही. हुकमी डाव मात्र दुखापत किंवा नियमबदल असल्याशिवाय वर्षभर बदलू नका. तीन आठवडे डाव लागत नाही म्हणून तो टाकून देणं ही सगळ्यात नेहमीची घाई. बहुतेक वेळा डाव बिघडलेला नसतो, जोडीदार शहाणे झालेले असतात, आणि गरज नव्या रस्त्याची असते.

वस्तादांना विचारून

हे सगळं लपूनछपून करू नका. मूळ वर्गात वस्ताद किंवा सेन्सेई जे सांगतील ते त्यांच्याच पद्धतीनं करायचं, तिथे आपली सुधारणा दाखवायची नाही. वहीतली नोंद दाखवून सरळ विचारायचं, ‘माझा हा डाव लागतोय, यावर काम करू का?’ बहुतेक जाणते वस्ताद खूश होतात, आणि पुष्कळदा तुमच्या लक्षात न आलेली एखादी खोट तिथल्या तिथे दाखवतात. नाही म्हणाले तर कारण विचारा. पाया कच्चा आहे असं उत्तर आलं, तर ते खरं असण्याची शक्यता बरीच असते. परवानगी मिळाली की वर्गाच्या पंधरा मिनिटं आधी या, एक पक्का जोडीदार ठरवा, आणि बदल्यात त्याच्या डावासाठी तितकीच मिनिटं खाली पडायची तयारी ठेवा.